कांतीलाल गुरुजींची विराणी

जव्हारात कांतीलाल गुरुजींना चेहऱ्यावरून ओळखणारे जितके होते, त्याहून पाठीवरून ओळखणारे जास्त होते. शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी संपल्यावर त्यांनी ‘सह्यस्वर वाद्यवृंद’ काढला आणि तेव्हापासून ते हातात छडी घेऊन, प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहू लागले. तरुणपणी मुंबईच्या कुठल्याशा सभागृहात त्यांनी परदेशी वाद्यवृंद पाहिला होता. त्याचा म्होरक्या असाच उभा होता. त्याच्यापुढे शंभर वादक होते आणि गुरुजींपुढे सात, त्यातलेही दोन लग्नाच्या हंगामात गायब. एवढं सोडलं तर फरक काही नव्हता.

वादकांना छडीची गरज होती असंही नाही. कीबोर्डवरचा सौरभ एक बटण दाबायचा, ताल सुरू व्हायचा आणि सगळे त्या तालामागून जायचे. गुरुजीही मागूनच जायचे, पण इतक्या आवेशाने की पुढे आहेत असं वाटावं.

आयुष्यात त्यांची एकच इच्छा उरली होती. ‘विराणी’ नावाची एक रचना त्यांनी स्वतः बांधली होती. ती ऐकून एका तरी माणसाने रडावं. गणपतीत, स्नेहसंमेलनात, कोणाच्या एकसष्टीत, त्यांनी ती सगळीकडे वाजवून पाहिली. लोक जांभया देत, पोरं लघवीला जात. पत्नी विद्युल्लताबाई तर कार्यक्रमाला फिरकतही नसत. “कोणी रडलं की सांगा,” त्या वाटाणे सोलता सोलता म्हणत, “मी बघायला येईन.” उभ्या संसारात बाईंना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हा टोमणा की आश्वासन हे गुरुजींना कळत नसे.

वाद्यवृंदात दाभोशाचा जिव्या तारप्यावर होता. म्हणजे ते भोपळ्याचं लांबलचक फुंकवाद्य नुसतं धरून होता. जाहिरातीत तारपा शोभतो म्हणून गुरुजींनी त्याला आणलं आणि पहिल्याच तालमीत तारपा कीबोर्डच्या सुरात बसत नाही असा निकाल दिला. दोष अर्थातच तारप्याचा होता, कारण कीबोर्ड नवा होता. मग सौरभने तारप्याचा आवाज कीबोर्डातूनच काढला आणि जिव्याला फुंकायची बंदी झाली.

“तू नुसते गाल फुगव,” गुरुजी म्हणाले. “लोकांना काय कळतंय?”

जिव्याचा बाप तारपा वाजवायचा, आजाही वाजवायचा. जिव्या गाल फुगवू लागला. टाळ्या त्यालाच जास्त पडत.

मग दाभोशाला कार्यक्रम ठरला. भातकापणी उरकली होती, गाव मोकळं होतं, माणसं झाडून जमली. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे पाठ केली. पण गावाचा रिवाज वेगळा होता. तिथे नाचात तारपा वाजवणाऱ्याकडे कोणी पाठ करत नाही. तो जिकडे वळेल तिकडे सगळी रांग त्याच्याकडे तोंड ठेवून फिरते. इथे तर चालवणारा माणूसच पाठमोरा. म्हणजे आपणच चुकीच्या बाजूला बसलोय, असं गावाने ठरवलं. पहिलं गाणं संपायच्या आत म्हातारी सुकरी उठली, तिच्यामागे सगळं गाव उठलं, आणि वादकांच्या मागे जाऊन गुरुजींच्या तोंडासमोर बसलं.

छडी चालवताना गुरुजींनी प्रेक्षक प्रथमच पाहिले. त्यांना भरून आलं. त्यांनी लगेच ‘विराणी’ काढली.

‘विराणी’ चालू असताना गुरुजींच्या चेहऱ्याचं काय होतं, हे तोवर फक्त वादकांना माहीत होतं आणि ते पोटासाठी गप्प होते. भुवया टाळूकडे जात, खालचा ओठ लोंबे, नाकपुड्या तालात फुलत. आधी एक पोरगी फिस्सकन हसली, मग गाव हसलं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी, त्यामुळे समोर सगळं धूसर. गदगदणारे खांदे दिसले, तोंडावर गेलेले पदर दिसले. गाव हुंदके देतंय, असा त्यांनी समज करून घेतला.

“रडले,” घरी येऊन त्यांनी सांगितलं.

विद्युल्लताबाईंनी वाटाणे बाजूला ठेवले. “कोण?”

“सगळे. पोरंटोरं धरून.”

कोणीतरी त्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढला होता. त्यावर हळदीतलं डीजेचं गाणं चढवून तो सगळीकडे फिरला. किती हजार लोकांनी पाहिला ते सौरभने गुरुजींना मोबाईलवर दाखवलं, पण आवाज बंद ठेवून. आवाजाचं काय, असं गुरुजींनी विचारल्यावर रेंज नाही म्हणाला. मोखाडा-जव्हारात हे उत्तर सहसा कोणी तपासत नाही.

तो व्हिडिओ पाहून पालघरच्या एका महोत्सवातून ऋषिकेश नावाच्या संयोजकाचा फोन आला. रंगमंच लहान आहे, वाद्यवृंद नको, एकटे गुरुजी आणि शोभेला तो तारपावाला बस. संगीत आम्ही लावू. मात्र तोंड लोकांकडे हवं. गुरुजींनी एकच अट घातली, ‘विराणी’च होईल. ऋषिकेशने इतक्या चटकन हो म्हटलं की दुसऱ्या कोणालाही संशय आला असता. इतकी वर्षं सोबत केलेल्या वादकांना घरी बसवताना गुरुजींना वाईट वाटलं, पण जेवण गेलं.

विद्युल्लताबाई शब्दाला जागल्या. पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, हातात इस्त्रीचा रुमाल घेऊन बसल्या.

गुरुजींनी छडी उचलली. भोंग्यांतून हळदीचं गाणं फुटलं.

त्यांनी वळून पाहिलं. पडद्याआडून ऋषिकेश हाताने म्हणत होता, चालू द्या. समोर शेकडो मोबाईल वर झालेले. गुरुजींचा हात हवेत राहिला. तेव्हा कोपऱ्यातून तारपा सांभाळत जिव्या जवळ सरकला आणि अगदी अदबीने म्हणाला,

“नुसती छडी हलवा, गुरुजी. लोकांना काय कळतंय?”

गुरुजींनी डोळे मिटले. हळदीचं गाणं चालू असतानाच त्यांनी मनातल्या मनात ‘विराणी’ सुरू केली आणि संथपणे, एकही आवर्तन न गाळता, शेवटपर्यंत नेली. भुवया गेल्या, ओठ लोंबला, नाकपुड्या फुलल्या. गाणं उधळलेल्या घोड्यासारखं आणि छडी बैलासारखी. मांडव कोसळतो की काय असं हसू उठलं.

डोळे उघडले तेव्हा आधी विद्युल्लताबाई दिसल्या. त्या खुर्चीत वाकड्या झाल्या होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि रुमाल पिळण्याजोगा झाला होता.

परतीच्या जीपमध्ये मागे बसून जिव्या तारपा फुंकत होता, पोटभर. आता त्याला कोणी अडवलं नाही. घाट लागेपर्यंत बाईंना मधूनमधून उबळ येत राहिली. शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या,

“अहो, खरंच रडवलंत हो मला. पुढच्या वर्षी परत बोलावलंय ना? माझ्या माहेरच्यांनाही घेऊन येऊ.”

 गुरुजी ड्रायव्हरच्या आरशात पाहत होते. जरा वेळाने त्यांनी भुवया हळूच वर नेल्या, ओठ थोडा सोडला, आणि कोन बरा दिसतोय का ते पाहण्यासाठी मान किंचित डावीकडे वळवली.