वाचून दाखवले, बरोबर आहे

मी एक जुना टाक आहे, मित्रांनो, आणि माझ्या हातून एक शब्द खोटा लिहिला गेला आहे. तो सांगितल्याशिवाय मला गंजून जायचे नाही.

माझा दांडा सागाचा. यवतमाळच्या एका सुताराने चौरंगाचे पाय कातून उरलेल्या तुकड्यातून तो घडवला आणि पुढे पोलादी निब बसवले. दौतीत बुडवायचे, काठावर निथळायचे आणि लिहायचे, एवढेच माझे काम. फाउंटन पेनसारखी पोटात शाई घेऊन मिरवण्याची ऐट आमच्यात नव्हती.

मला बळीराम अर्जनवीसांनी घेतले. कचेरीसमोर कवठाच्या झाडाखाली सतरंजी टाकून ते बसत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देणे हा त्यांचा धंदा. अक्षर असे सुरेख की आतले कारकूनही म्हणत, "बळीरामजीचा कागद आहे, डोळे मिटून पुढे सरकवा." ते ऐकून मी फुगून जात असे. प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी एक ओळ लिहायचो, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' मग बळीराम तो अर्ज मोठ्याने वाचत, समोरचा माणूस कान देऊन ऐके आणि त्या ओळीखाली अंगठा उमटवी. आमचा सगळा व्यवहार त्या एका ओळीच्या भरवशावर चालला होता.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या जून महिन्यात मारेगावकडचे डोमाजी आमच्याकडे आले. शेतमजूर माणूस. दोन वर्षांपूर्वी ते आणि त्यांच्या पत्नी मथुराबाई नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते. त्यांची मुलगी प्रभावती सातवी पास झाली होती आणि तिला हायस्कुलात जायचे होते. गावापासून हायस्कूल दूर, म्हणून यवतमाळच्या सरकारी वसतिगृहात तिला जागा हवी होती. अनुसूचित जातींच्या मुलींसाठी तिथे जागा राखून ठेवलेल्या होत्या. आम्ही अर्ज लिहिला. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले आणि अर्ज आठ दिवसांत परत आला. बौद्ध झालेली माणसे अनुसूचित जातींच्या यादीत बसत नाहीत, असा शेरा होता.

"हे यादी बनवली कोनं जी?" डोमाजींनी विचारले.

"राष्ट्रपतीच्या आदेशानं निघाली," बळीराम म्हणाले.

"मंग त्यायलेच लिहा ना."

"एकदा निघाली की त्यायच्याही हातात नाही राहत, डोमाजी. यादीत कोनाले घालाचं, कोनाले काढाचं, ते मंग संसद ठरवते. कायदा करून."

"अन् कोर्ट?"

"कोर्ट कायद्यात काय लिहिलं त्याचा अर्थ सांगते. आपल्या मनानं नवं नाव नाही घालत."

"अन् हा आतला साहेब?"

"तो यादी पाहून चालते. दुसरं काय करन?"

डोमाजी कवठाच्या मुळाशी खाली बसले. मग म्हणाले, "म्हंजे सारेच आपापलं काम बरोबर करून राह्यले. अन् माई पोरगी घरी बसली."

मित्रांनो, सत्ता एकाच माणसाच्या मुठीत असू नये म्हणून राज्यघटनेने ती वाटून दिली आहे. कायदा एकाने करायचा, दुसऱ्याने चालवायचा, तिसऱ्याने त्याचा अर्थ लावायचा. हे शहाणपणाचेच आहे, नाहीतर कोणीही उठून मनाला येईल तसा हुकूम काढला असता. पण इतक्या दारांपैकी आपले दार कोणते हे शोधताना गरिबाचा दम निघतो, तेही मी पाहिले आहे. आम्ही खासदारांना लिहिले, दिल्लीला लिहिले. एकच उत्तर आले, 'विषय विचाराधीन आहे.' इकडे शाळा सुरू झाली आणि वसतिगृहाच्या अर्जाला चार दिवस उरले.

"एक सांगू?" बळीराम हळूच म्हणाले. "शाळेच्या जुन्या दाखल्यात 'हिंदू'च लिहिलं आहे. अर्जातही तसंच टाकू. कोनी विचारत नाही."

"नाही जी," डोमाजी म्हणाले. "नागपुराले लाखो मानसायसमोर तो धर्म सोडला. खोटं बोलनार नाही, हेही तवाच म्हटलं. आता कागदावर कसा फिरू? बौद्धच लिहा. जागा देतील तर देतील."

बळीरामांनी मान हलवली. मला दौतीत बुडवले. आणि धर्माच्या रकान्यात माझ्याकडून 'हिंदू' लिहून घेतले.

मला वाटले, हात चुकला असेल, आता खोडतील. त्यांनी खोडले नाही. शेवटी नेहमीची ओळही लिहवून घेतली. मग कागद उचलून खणखणीत आवाजात वाचला, "धर्म, बौद्ध." डोमाजींनी हात जोडले आणि अंगठा दिला. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

प्रभावतीला जागा मिळाली. डोमाजी गावभर सांगत सुटले, "खरं लिहिलं तरी सरकारनं आयकलं!" लोकांचा विश्वास बसला. शेजारच्या कौसल्याबाईही बौद्ध झालेल्या; दुसऱ्या वर्षी त्यांची मुलगी जया सातवी झाली, तेव्हा त्यांनीही गावच्या मास्तरांकडून अर्जात बेधडक 'बौद्ध' लिहवून घेतले. जयाला जागा मिळाली नाही.

"तुमीच सांगतलं होतं खरं लिहा म्हनून," कौसल्याबाई डोमाजींना म्हणाल्या. "तुमच्या पोरीचं झालं, माया पोरीचं नाही. तुमी आमाले फसवलं."

डोमाजींनी तडक यवतमाळ गाठले. प्रभावतीने वसतिगृहाच्या बाईंकडे आपला अर्ज पाहायला मागितला. तो तिने स्वतः वाचला आणि वडिलांना घेऊन ती कवठाखाली आली.

"तुमी मले वाचून दाखवलं होतं ना जी?" डोमाजींनी एवढेच विचारले.

"पोरीच्या भल्यासाठी केलं, डोमाजी. तिचं सारं आयुष्य वाया गेलं असतं."

"सरकारनं मले नाही म्हटलं, ते तोंडावर म्हटलं. तुमी हो म्हनून फसवलं. मले वाचता येत नाही, म्हनूनच ना?"

शरमेने मलाच त्यांच्या बोटांत राहवेना. प्रभावती आत साहेबांकडे गेली, आपण बौद्ध आहोत असे तिने सांगितले आणि जागा सोडली. तिचे वर्ष घरी गेले. गोष्ट बाजारच्या दिवशी गावोगाव पसरली. लोक आमच्याकडचा कागद दुसऱ्या अर्जनवीसाकडे नेऊन पुन्हा वाचून घेऊ लागले, आणि काही दिवसांनी आमच्याकडे यायचेच थांबले.

साठ साली महाराष्ट्र झाला. दिल्लीची यादी होती तशीच राहिली, पण राज्याच्या हातात होते तेवढे नव्या राज्याने केले आणि वसतिगृहाच्या जागेसारख्या आपल्या सवलती बौद्ध झालेल्यांनाही दिल्या. बातमी कळताच बळीरामांनी प्रभावतीचा आणि जयाचा अर्ज लिहिला. इतके मन लावून मी कधी लिहिले नव्हते. धर्माच्या रकान्यात ठसठशीत 'बौद्ध'. मला खिशात खोचून ते मोटारीने मारेगावला उतरले आणि तिथून पायी डोमाजींच्या घरी गेले.

डोमाजींनी त्यांना बसायला बाज दिली. मथुराबाईंनी पाणी दिले. प्रभावतीने दोन्ही अर्ज पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले.

"बरोबर आहे?" डोमाजींनी तिला विचारले.

"बरोबर आहे, बाबा. एकही चूक नाही."

डोमाजींनी कागद घडी करून बळीरामांना परत दिले. "बरोबर आहे जी. पन तुमच्या हातचं नको."

प्रभावती ओट्यावर बसली, पाटीचा आधार घेतला आणि तिने दोन्ही अर्ज स्वतःच्या पेनने लिहायला घेतले. बळीराम उठले. घरी येऊन त्यांनी मला फडताळात टाकले, तो मी अजून तिथेच आहे.

मित्रांनो, तुम्हाला लिहिता-वाचता येते. उद्या कोणी तुमच्यासमोर कागद धरून म्हणेल, "वाचून सांग रे बाबा." त्याचे भले कशात आहे ते त्याचे त्याला ठरवू द्या. तुम्ही फक्त लिहिले आहे तेवढेच वाचा.