फरशीखालची अर्थिंगची सळई

मी एक जुनी अर्थिंगची सळई आहे. मित्रांनो, मी आज रागावूनच बोलणार आहे, कारण माझी किंमत कुणाला कधी कळलीच नाही.

तांब्याचा मुलामा देऊन मला कारखान्यात घडवले आणि या घराच्या मागच्या अंगणात उभे ठोकले. फक्त डोके वर राहिले. त्याला बांधलेली हिरवी तार घरातल्या यंत्रांच्या पत्र्याला जोडलेली होती. वाट चुकून पत्र्यात आलेल्या विजेला जमिनीत नेणे हे माझे काम. न्यूट्रल तार वेगळी. काम करून परतणारी वीज तिच्यातून जाते. तिलाही जमिनीशी जोडतात, पण तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी. घरात आमची गाठ पडता कामा नये.

माती ओली असली की मला बळ येते. म्हणून घरच्या आई कपडे विसळलेले पाणी माझ्या बुडाशी ओतत. बाबा हसत. "अगं, लोखंडाला पालवी फुटणार आहे का?"

"हसा तुम्ही," म्हणत आई बादली पालथी करत.

मग अंगणात फरशी बसवायचे ठरले. माझे डोके गवंड्याच्या आड येऊ लागले. बाबा म्हणाले, "टाका कापून ती तार. इतकी वर्षं नुसती उभी आहे. काय केलंय तिनं?"

काय केले! काही वाईट घडू दिले नाही, हे काय कमी होते? तार कापली गेली आणि मी फरशीखाली गेले.

लवकरच अंगणातले वॉशिंग मशीन हाताला झिणझिण्या देऊ लागले. मुलांचा मामा मोठा हौशी. "न्यूट्रल काय, अर्थिंग काय, शेवटी दोन्ही जमिनीतच जातात. ताई, दोन मिनिटांचं काम!" त्याने सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून तुकडाभर तार घेऊन अर्थिंगच्या जागी जोडली. झिणझिण्या गेल्या. मामाची वाहवा झाली. मी खाली नुसती जळत राहिले.

एका सकाळी बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तार निसटली. चालू मशीन थांबले. परतीची वाट तुटलेली वीज मामाच्या तारेने थेट मशीनच्या पत्र्यात शिरली.

"आता याला काय झालं?" म्हणत आईंनी ओल्या हाताने मशीन धरले. त्या अनवाणी उभ्या होत्या, नेमक्या माझ्या डोक्यावरच्या ओल्या फरशीवर. हात सुटेना. मी वीतभर खाली होते आणि काहीही करू शकत नव्हते. बाबा धावले.

"बाबा, तिला शिवू नका!" मुलगी ओरडली आणि तिने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. आई वाचल्या.

"पण तार जोडल्यावर पत्र्याला लावून पाहिलं, तेव्हा टेस्टरचा दिवा तर लागत नव्हता," मामा पुटपुटला. काय करायचे त्या टेस्टरला! न्यूट्रल शाबूत होती तोवर तो लागणारच नव्हता. वायरमनने तो तुकडा उपटून काढला, फरशी फोडायला लावली आणि मला पुन्हा हिरवी तार जोडली.

मित्रांनो, बोर्डाला तुम्ही हात लावू नका. पण मोठ्यांना विचारा, आपली हिरवी तार कुठे जाते? "असेल कुठेतरी" असे उत्तर आले, तर गप्प बसू नका.

आता मला पाणी घालायला बाबा येतात. हसत नाहीत. आईंच्या उजव्या हाताची बोटे अजून नीट मिटत नाहीत, त्यांना बादली धरवत नाही.