चेंबरला पाडलेलं भोक

ताईच्या गाडीला टर्बो बसवून झाला, तरी मिस्त्रीचा पाय काही एका जागी ठरेना. तसा तो जन्माचाच चुळबुळ्या. जेवायला बसला तरी मधेच ताट हातात घेऊन फिरायचा. पण दाजी गेल्यापासून, म्हणजे ताईचा नवरा गेल्यापासून, त्याची गत पाय भाजलेल्या मांजरासारखी झाली होती. थोरल्या बहिणीकडे जायचा, दारातूनच दोन शब्द बोलायचा आणि पळायचा.

गाडी दाजींची. सव्वीस वर्षं त्यांनी तिच्या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. आता ताई तिच्यातून धुतलेल्या चादरी टेकडीवरच्या दवाखान्यात पोचवायची, आणि भरलेली गाडी चढावर धापा टाकायची. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो बसला की चढ निघेल, असं मिस्त्रीनंच तिच्या गळी उतरवलं.

"नीट कर हं," ती म्हणाली होती. "ह्यांचं म्हणून एवढंच राहिलंय माझ्याकडे."

आता टर्बोतलं ऑइल परत खाली यायला चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, भोक पाडावं लागतं. शहाण्या माणसानं चेंबर उतरवून पाडावं. पण त्यासाठी इंजिन उचला, अख्खा दिवस घाला. एवढा धीर असता तर मग काय हवं होतं! पठ्ठ्यानं ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, धातूचा कीस त्यालाच चिकटेल म्हणून, आणि चेंबर जागेवर असतानाच भोक पाडलं. मग तारेला लोहचुंबक बांधून आत चारी बाजूंनी फिरवलं. एक कण आला नाही. गडी खूश.

ताई आली, सीटवर बसली, किल्ली घातली.

"झालं ना नीट?"

"झालं की."

हाताला चाळा हवा म्हणून त्यानं ते चुंबक जमिनीवर सांडलेल्या किसावरून फिरवलं. कीस जागचा हलला नाही. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं होतं. त्याचा कीस चुंबकाला जन्मात चिकटला नसता. म्हणजे आत पडलेला कीस अजून आतच होता, ऑइलबरोबर फिरायला मोकळा.

गप्प बसता आलं असतं. महिन्याभरानं बेअरिंग गेलं असतं, इंजिन जाम झालं असतं आणि सगळ्यांनी टर्बोच्या नावानं बोटं मोडली असती.

"ताई, चालू करू नकोस. किल्ली काढ."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि खाली उतरली.

"मग उतरव चेंबर."

"दिवस जाईल."

"जाऊ दे. मी बसलेय."

ती एका जुन्या टायरवर बसली आणि खरंच हलली नाही. दुपार कलली तेव्हा चेंबर खाली आलं. ऑइल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीपाशी किसाची तीन बारीक चकचकीत वेटोळी निघाली. मिस्त्रीनं ती ताईच्या तळहातावर ठेवली.

ताईनं मूठ मिटली. "तुझे दाजी असते तर त्यांनी तुझ्या कानाखाली वाजवली असती."

"हो."

"आणि गाडी परत तुझ्याच हातात दिली असती."

मिस्त्री तिथंच फरशीवर बसला, आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदा रडला. मग लगेच बाहीनं डोळे पुसून उठायला लागला. ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"रड सावकाश," ती म्हणाली. "यात तरी घाई करू नकोस."