उसनी खुर्ची आणि सरकारी पाहुणा

मी एक जुनी हातांची खुर्ची आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, हरकत नाही. मोडकी मात्र म्हणू नका. माझा मागचा एक पाय लंगडतो, पण ते कसं झालं ते ऐकाल तर मला हसणार नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या सुताराच्या दुकानात झाला. सुतार भलताच तोंडाळ. रंधा मारताना लाकडालाही शिव्या घालायचा. मी पुरी झाले तेव्हा मात्र त्याने मला मागून-पुढून न्याहाळलं आणि म्हणाला, "झाली बुवा एकदाची धड वस्तू!" त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं. मग मला लाल मखमल चढली आणि मी हेडबाईंच्या घरी आले.

हेडबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. माझ्यात बसून त्या वह्या तपासायच्या, डुलक्याही काढायच्या. आलागेला म्हणायचा, "काय ऐसपैस खुर्ची आहे हो!" की मी आतल्या आत फुगायचे. खोटं कशाला बोलू, कौतुक मला फार आवडतं.

समोरच्या दारात इस्त्रीवाल्या काकूंचं बिऱ्हाड होतं. एकच खोली, तिच्यातच चूल आणि मोरी. काकू लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायच्या, काका बाजारात गाड्या लावायच्या जागेवर राखणदार होते. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. खुर्ची नावाची वस्तूच घरात नव्हती. इस्त्रीच्या टेबलावर कायम कपड्यांचा ढीग, म्हणून थोरली टेबलाखाली बसून अभ्यास करायची.

तशातही पोरीने शाळा संपवली आणि तिला कॉलेजात प्रवेश मिळाला. फीचा आकडा ऐकून काका नुसते खाली बसले. मग थोरलीने सरकारी मदतीसाठी अर्ज केला. मित्रांनो, ही मदत म्हणजे हुशारीचं बक्षीस नव्हे. ज्या घराला कॉलेजचा खर्च झेपत नाही, त्या घरच्या मुलांना सरकार ती देतं. म्हणून देण्याआधी एक साहेब घरी येऊन परिस्थिती बघून जातात. थोरलीने हे सगळं आईला नीट समजावलं होतं. पण 'साहेब घरी येणार' एवढं ऐकलं आणि काकूंना पुढचं काही सुचेना.

"अगं बाई! साहेब येणार आणि बसणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

थोरली सकाळीच एक दाखला आणायला बाहेर पडली आणि इकडे काकूंनी पदर खोचला. त्यांचं म्हणणं एकच, लोक घर बघून माणसाची किंमत करतात. मग काय विचारता! वाण्याकडून टीव्ही आला. शिंपीणबाईंकडून पडदे आले, खालच्या मजल्यावरून भिंतीवरचं घड्याळ आणि नक्षीच्या कपबशा आल्या. आणि हेडबाईंकडून मी.

"ने गं, पण उचलून ने. ओढू नकोस," हेडबाई म्हणाल्या.

काकांनी मला ओढलंच. मी उंबरठ्यावर आदळले आणि पायाचा सांधा कायमचा ढिला झाला.

साहेब आले. घामाघूम झालेले, खांद्याला पिशवी. माझ्यात ऐसपैस टेकले आणि खोलीभर बघत राहिले. टीव्ही, घड्याळ, पडदे. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

काकू हसतमुख. "आमचं सगळं अगदी व्यवस्थित आहे हो साहेब. कशाची म्हणून कमी नाही."

"कमी नाही?"

"छे हो!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात थोरली दारात आली. खोली बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. बोलावं तर परक्या माणसासमोर आईचं नाक कापलं जाणार, गप्प राहावं तर कॉलेज हातचं जाणार. काका भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता ही रडणार.

ती रडली नाही. "साहेब," ती म्हणाली, "तुम्ही बसलात ती खुर्ची आमची नाही. टीव्ही वाण्याचा आहे. घड्याळ खालच्यांचं. आमचं ते इस्त्रीचं टेबल, आणि त्यावरचे कपडेसुद्धा लोकांचे."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "रिकामं घर दाखवायची लाज वाटली हो मला," त्या कशाबशा म्हणाल्या.

साहेब माझ्यातून उठले आणि सरळ सतरंजीवर जाऊन बसले. "काकू, लोक माझ्यापासून वस्तू लपवतात. मागून आणणारं घर मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. काकांना हसू फुटलं, मग काकूंनाही. "आता खरं सांगा. दिवसाला कपडे किती येतात?" काकूंनी खरं ते सांगितलं.

मदत मंजूर झाली. काकू मात्र बरेच दिवस घुश्शात होत्या. "माझं नाक कापलंस," म्हणायच्या. थोरली म्हणायची, "आई, नाक आहे तिथेच आहे. फी तेवढी भरली गेली."

मी हेडबाईंकडे परतले, पण लंगड्या खुर्चीला दिवाणखान्यात कोण ठेवणार? माझी रवानगी गच्चीत झाली. उन्हाने मखमल विटली, मांजराने नखं घासली. वर्षं अशीच गेली. कौतुक तर सोडाच, कुणी नावही काढेना. फार वाईट वाटायचं. शेवटी हेडबाई लेकाकडे राहायला निघाल्या आणि मला भंगारात काढलं, तेव्हा जिन्यात काकूंनी अडवलं. "टाकू नका. मला द्या." त्यांनी मला उचलून नेलं, दोन्ही हातांनी.

थोरली तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. त्याच वर्षी धाकट्यालाही कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्याचाही मदतीचा अर्ज गेला. पुन्हा पाहणी आली, या खेपेला एक मॅडम. थोरली घाबरली. "आई, खुर्ची घटकाभर जिन्यात ठेवूया का? उगाच शंका नको."

"का म्हणून? मागे दुसऱ्याचं आणून दाखवलं, आता आपलं लपवू होय?"

मॅडमनी माझ्यावर नजर टाकली. "ही कुणाची?"

"आमची," काकू म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. "लिहून घ्या. पाय लंगडा आहे, तेही लिहा."

मॅडमनी दोन्ही लिहिलं. धाकट्यालाही मदत मिळाली. आता तो माझ्यात बसून अभ्यास करतो, टेबलाखाली कुणी बसत नाही.

मित्रांनो, हक्काची मदत मागताना रिकाम्या खोलीची लाज धरू नका, आणि भरल्या खोलीची खोटी ऐटही नको. माझ्यासाठी एवढंच करा: कुणाची वस्तू उसनी नेलीत तर उचलून न्या. ओढू नका.