पडद्यापुढचं लग्न

ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, नाचणाऱ्याला शिट्ट्या आणि पडद्यापुढच्या माणसाला नुसता ठोका. रुपराव हे पडद्यापुढचे. मागे वादक जागा बदलत, वायरी ओढत. तेवढ्यात लोक उठून जाऊ नयेत म्हणून रुपरावांनी पुढे उभं राहून तोंडाने एक लग्न लावायचं. बँड, बिथरलेली घोडी, रुसलेला जावई, मंगलाष्टकांत ठसका लागलेला भटजी, पंगत, सगळं एकट्याच्या गळ्यातून. तयारी झाली की मागून ढोलावर एक ठोका पडे. तो पडला की हात जोडायचे आणि बाजूला व्हायचं, मग लग्न कुठेही पोचलेलं असो.

ते पंगतीपुढे कधी पोचलंच नाही. बिदाई मात्र रुपरावांनी महाल वस्तीतल्या घरी घोटून घोटून बसवली होती. पोरीचा हुंदका, बापाचं खोटं खोकणं, गाडीचं दार. ऐकली होती ती फक्त बायकोने, जनाबाईंनी, तीही पोळ्या लाटता लाटता.

यंदा हिंगण्याच्या एका कारखान्याचं स्नेहसंमेलन होतं. निवेदन करणाऱ्या मयुरीचा आदल्या दिवशी फोन आला. "काका, उद्या पडदा उघडाच राहीन. पूर्ण आयटम करा. कोणी थांबवत नाही तुमाले."

माणसाला हरखायला एवढं पुरतं. रुपरावांनी जन्मात पहिल्यांदा बायकोला कार्यक्रमाला नेलं आणि पुढच्या खुर्चीवर बसवलं. आज बिदाई लोकांनी ऐकायचीच, बाकी काही नको, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

लग्न झकास लागलं. भटजीच्या ठसक्याला कामगार खुर्च्यांवरून पडायचेच बाकी होते. पंगत उठली. रुपरावांनी खांदे पाडले, आवाज बारीक केला आणि पोरीचा पहिला हुंदका ओठांशी आणला. तेवढ्यात मागे बसलेल्या चेतनने, ढोल वाजवणाऱ्या पोराने, मांडीला मुंग्या आल्या म्हणून ढोल खाली ठेवला. ठेवताना तो फळीवर आपटला. धप्.

रुपरावांचे हात आपोआप जोडले गेले. पाय आपोआप विंगेकडे वळले. लोकांनी भरभरून टाळ्या दिल्या. त्यांच्या हिशेबी जेवणं झाली म्हणजे लग्न आटोपलं.

"काहून आले काका?" मयुरीने विचारलं.

"ठोका पडला ना."

"ठोका नाही जी, चेतननं ढोल ठेवला खाली. जा परत, टाइम आहे अजून."

रुपरावांनी उजेडातल्या आपल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. एकदा हात जोडले की परत जायचं नाही, ही रीत नव्या पोरांना त्यांनीच शिकवलेली. ते गेले नाहीत. चेतन येऊन माफी मागून गेला, पण त्याच्यावर रागावणं काही जमेना. राग आला तो स्वतःच्या हातांचा. इतक्या वर्षांत ते हात ढोलाचं ऐकायला शिकले होते, आपल्या मालकाचं नाही.

संध्याकाळी जनाबाई मोटारसायकलवर मागे बसल्या. कारखान्याचं गेट मागे पडल्यावर म्हणाल्या, "पाव्हणे जेवून गेले अन् पोरगी मांडवातच बसून राह्यली."

रुपरावांनी गाडी हळू केली.

"राहू दे वं," ते म्हणाले. "आता माहेरीच राहू दे तिले."