बांबूला पारखी झालेली कोयती

मित्रांनो, मी एक जुनी कोयती आहे. झाडं तोडणाऱ्या आडदांड कोयत्यांशी माझं नातं जोडू नका. मी टोपल्या विणणाऱ्याच्या घरची. लोहाराने मला घडवलं तेव्हा तो माझ्या मालकाला म्हणाला होता, "हिला जपलंस तर ही तुला जपेल." मालकाने जपलं. रोज सकाळी दगडावर पाणी शिंपडून तो मला धार लावायचा आणि ओला बांबू पुढ्यात घ्यायचा. मी उभी चिरत जायचे आणि पातळ कामट्या निघायच्या. बाजारात लोक टोपली उलटीपालटी करून बघायचे आणि म्हणायचे, "काम असावं तर असं." कौतुक त्याचं व्हायचं, पण मूठभर मांस चढायचं ते माझ्या अंगावर.

आमच्याकडे काही वाया जात नसे. उरलेल्या ढलप्या मालकीणबाई सुपात गोळा करून चुलीत घालायच्या. त्यावर नवरा-बायको आणि त्यांची शाळकरी मुलगी, तिघांचा स्वयंपाक व्हायचा.

मग बाजारात प्लास्टिकच्या टोपल्या आल्या आणि बांबूला कुणी विचारेना. एक व्यापारी खोकी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं बंडल घेऊन आला. "याच्या टोपल्या विणून द्या, सगळ्या घेतो," म्हणाला. पोट कुणाला चुकलंय? मी पट्ट्या कापू लागले. त्यांना ना रस, ना वास.

कापलेले तुकडे मालकीणबाईंनी सवयीने सुपात भरले. मुलगी म्हणाली, "आई, आमच्या बाई सांगत होत्या, प्लास्टिक जमिनीतल्या तेलापासून करतात."

"तेलापासून? मग तर छान पेटेल की."

पेटलं खरंच छान. धूर तेवढा काळाकुट्ट निघाला. "होईल सवय," असं म्हणत त्या रोज तेच जाळत राहिल्या. खोकला जडला, तो हटेना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "चुलीत काय घालता?" मालकाने प्लास्टिकचं नाव घेतलं, तसे ते म्हणाले, "त्याच विषारी धुराने छाती पोखरलीय." तोवर फार उशीर झाला होता. त्या गेल्या, मित्रांनो. मी लोखंडाची, तरी मला ते सोसवलं नाही.

"बाबा, तेलाचं मीच सांगितलं ना तिला?" मुलीने विचारलं.

"नाही गं बाळा. पट्टी मी घरात आणली."

आता ते तुकडे चुलीत जात नाहीत, आणि कुजतही नाहीत. मुलगी ते पोत्यांत भरते आणि आई बसायची त्या कोपऱ्यात रचते, कारण घरात दुसरी जागाच नाही.

परवा व्यापारी नवं बंडल घेऊन आला. मुलगी दारात आडवी उभी राहिली. "नको ना, बाबा." डब्यात पीठ नव्हतं. मालकाने तिला हळूच बाजूला केलं आणि बंडल आत घेतलं.

मित्रांनो, त्याला बोल लावू नका. तुम्ही बाजारात बांबूची टोपली मागितलीत, तरच त्याला नको म्हणता येईल. एकट्याच्याने ते होत नाही. माझी धार अजून शाबूत आहे. पण परवापासून मुलगी बापाशी बोललेली नाही, आणि तो मान खाली घालून पट्ट्या विणतो आहे.