अनिताचं भांडण

राहू गावच्या जयसिंग आप्पांनी आपल्या लेकीला, अनिताला, काही कमी पडू दिलं नव्हतं. जन्मापासून पाय अधू, म्हणून चाकाची खुर्ची आणली, खोलीत टीव्ही बसवला. पण घरी पाहुणे आले की ती खुर्ची आतल्या खोलीत जाई. पोरगी बावीस वर्षांची झाली, तरी उंबऱ्याबाहेर पडली ती दवाखान्यापुरतीच. आपल्यापैकी किती घरांत असंच चालतं!

शेजारच्या अनसाबाईंच्या शंभूला बोललेलं उशिरा उमजायचं. दर रविवारी त्या त्याला पाटसला नेत. तिथं शाळेच्या मैदानावर दिव्यांगांचे खेळ भरत. एकदा त्या आप्पांकडं आल्या.

"आप्पा, अनितालाबी धाडा की. टेंपोत जागा हाय."

"पडली-झडली तर? आन् लोक काय म्हनतील? घरात तिला काय कमी हाय?"

अनसाबाई पायरीवर टेकल्या. त्यांच्या सासऱ्यांनी उभा जन्म मेंढरं राखलेली. त्या म्हणाल्या, "आमच्यात मेंढरू लंगडं झालं तरी कोंडून ठिवत न्हाईत. खांद्यावर घेत्यात, पन कळपासंगं नेत्यात. एकटं राह्यलं की म्होरं चारा असून झुरतंय. तुमची लेक तर मानूस हाय."

आप्पांना राग आला. तेवढ्यात आतून अनिता म्हणाली, "आप्पा, एकदा जाऊन येऊ?"

तिनं आजवर काही मागितलंच नव्हतं. नाही म्हणायला आप्पांची जीभ रेटेना.

रविवारी तेही टेंपोत बसले, लेकीला राखायला.

मैदानावर खुर्च्यांत बसून थ्रोबॉल चालला होता. अनितानं फेकलेला चेंडू पलीकडच्या रेघेजवळ पडला. समोरचा एका पायाचा इंद्रजीत ओरडला, "आउट!"

"आउट कसा? रेघेवर पडलाय. चुना उडालेला मी बघितलाय. रडीचा डाव खेळू नका."

अनिताचा आवाज साऱ्या मैदानाला ऐकू गेला. आप्पा धावायला निघाले, तर अनसाबाईंनी अडवलं. "बसा खाली. तिचं ती बघंल."

शंभू सावकाश चालत गेला, वाकला आणि पुसलेल्या चुन्यावर बोट ठेवलं. "हितं." पॉइंट अनिताला मिळाला.

आप्पा खाली बसले. घरात या पोरीचा आवाज कधी चढला नव्हता. ताटात पडेल ते खायची, लावाल ते बघायची. आपण तिला गुणाची म्हणत होतो. ती तर स्वतःला ओझं समजून गप्प राहत होती! आप्पांचे डोळे भरून आले.

डाव शेवटी अनिताचा संघ हरला. घरी येईपर्यंत ती धुसफुसत होती.

पुढच्या रविवारी आप्पांच्या थोरल्या मुलाला, पृथ्वीराजला, बघायला पाहुणे आले. "घरात आनखी कोन असतं?" त्यांनी विचारलं.

"लेक हाय, अनिता. पायानं अधू हाय. आत्ता पाटसला खेळायला गेलीय," आप्पा म्हणाले. "च्या घेईस्तवर येईल. हरली असंल तर जरा घुश्श्यात असंल, तेवढं सांभाळून घ्या."

मंडळी, दिव्यांग माणसाला दोन घास देणं ही माया खरीच. पण त्याला सवंगडी हवेत, खेळ हवा, हरायला आणि हक्कानं भांडायलाही मिळायला हवं. हे दान नव्हे, त्याचा वाटा आहे. तो त्याला द्यायचा कुणी? आपणच.